वेल्सच्या खेड्यात राहायचं म्हणजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं आम्ही पश्चिम वेल्समधल्या केरेडिगिऑन परगण्यात राहतो. त्रेगारॉन हे आमचं बाजाराचं गाव. तिथून तीन मैलांवर चार घरांची वाडी आहे, त्यातलं एक दगडी घर आमचं. नवऱ्याची नोकरी अ‍ॅबरिस्टविथला, माझं काम घरून. पुण्या-साताऱ्याकडच्या कुणाला इकडे नोकरी लागली की ओळखीतून आमचा नंबर पोचतो आणि त्याच त्याच गोष्टी विचारल्या जातात. फोनवर घाईत निम्मं राहून जातं, म्हणून उत्तरं नीट लिहून काढली आहेत.

वेल्स म्हणजे इंग्लंडच ना?

नाही. ही चूक पहिल्या दिवसापासून टाळा, कारण ती इथल्या माणसाला लागते. वेल्स हा युनायटेड किंग्डममधला वेगळा देश आहे, लोकसंख्या जेमतेम 31 लाख. 1999 पासून कार्डिफला त्यांची स्वतःची विधानसभा आहे, तिला आता सेनेद म्हणतात. आरोग्य आणि शिक्षणाचे निर्णय तिथे होतात, त्यामुळे लंडनचा चुलतभाऊ सांगेल ते इथे लागू पडेलच असं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना इथे 2007 पासून पैसे पडत नाहीत, इंग्लंडमध्ये पडतात.

सगळ्यांना इंग्रजी येतं, मग वेल्श कशाला शिकायची?

हा प्रश्न मराठी माणसानं विचारला की मला वाईट वाटतं. आपल्या शहरात वीस वर्षं राहून ज्याला मराठीत साधा पत्ता विचारता येत नाही, त्याच्याबद्दल आपण घरात काय बोलतो ते आठवा. इथे तो माणूस आपण असतो.

2021 च्या जनगणनेत वेल्समधल्या 5 लाख 38 हजार लोकांनी आपल्याला वेल्श येते असं सांगितलं, म्हणजे 17.8 टक्के. आमच्या केरेडिगिऑनमध्ये हे प्रमाण 45 टक्के, उत्तरेत ग्विनेदला 64. दहा वर्षांपूर्वी केरेडिगिऑनचा आकडा 47 होता. दोन टक्के कागदावर लहान दिसतात. पण खेड्यात त्याचा अर्थ असा, की एक म्हातारं जोडपं जातं, घर विकलं जातं, आणि ज्या गल्लीत चार घरांत वेल्श होती तिथे तीन घरांत उरते.

ही भाषा आपोआप टिकलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. पुढचं मूल वेल्श बोललं की तो त्याच्या गळ्यात जायचा, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. 1965 साली त्रवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव शाळा, चॅपेल, शेतंभातं सगळ्यासकट लिव्हरपूलच्या पाण्यासाठी धरणाखाली गेलं. वेल्सच्या खासदारांचा विरोध होता, तरी गेलं. लिव्हरपूलच्या महापालिकेनं माफी मागितली ती 2005 मध्ये. वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्वोर एव्हान्स यांनी 1980 मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा कुठे सरकार नमलं आणि 1982 मध्ये एस-फोर-सी ही वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली.

अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला, ल्हान्रस्तिदच्या जवळ, रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर 'कोविउख द्रवेरिन' असं रंगवलेलं आहे. त्रवेरिन लक्षात ठेवा. आमच्या घरी मुळशीच्या 1921 च्या सत्याग्रहाच्या आणि सेनापती बापटांच्या गोष्टी आजोबा सांगत. त्या भिंतीपाशी मी पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा ते अक्षरन् अक्षर मला आपलं वाटलं.

आता व्यवहाराचं. सुरुवातीला मी गावातल्या दुकानात शिरले की चाललेल्या गप्पा इंग्रजीकडे वळायच्या, माझी सोय म्हणून. मी दूध, पाव घ्यायची, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि निघायची. तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्या गप्पा वळल्या नाहीत. कुणाच्या तरी गाईचं अडलेलं बाळंतपण चाललं होतं बोलण्यात, आणि ते तसंच पुढे चालू राहिलं, मधे मलाही विचारलं गेलं. मला निम्मंच कळलं होतं. पण त्या दिवसापासून मी या गावात राहते.

वेल्श अवघड आहे का?

वाचायला नाही. लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे देवनागरीवर वाढलेल्याला इंग्रजीपेक्षा सोपी जाते. रस्त्यावर जागोजागी 'अराव' दिसेल, म्हणजे सावकाश. दोन एल जोडून आले की जीभ 'ल'च्या जागी टेकवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. आठवडाभर आरशासमोर केलं की जमतं.

अवघड आहे ते शब्दाचं तोंड बदलणं. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं: पाणी पण पाण्यात, घोडा पण घोड्याला. इथे पहिलं अक्षर बदलतं. गावाचं नाव त्रेगारॉन. त्रेगारॉनला जायचं तर 'इ द्रेगारॉन'. त्रेगारॉनमध्ये राहायचं तर 'अन न्हरेगारॉन'. 'आणि त्रेगारॉन' म्हणायचं तर 'आ थ्रेगारॉन'. भिंतीवरचा त्रवेरिनही म्हणूनच द्रवेरिन होतो. पहिल्या वर्षी शब्द शब्दकोशात सापडायचेच नाहीत, कारण मी 'द'खाली शोधत असे आणि ते 'त'खाली बसलेले असत. आमच्या शिक्षिकेला मी सामान्यरूपाबद्दल सांगितलं, फळ्यावर 'पाणी, पाण्यात' लिहून दाखवलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या वर्गाला शिकवलं.

आणखी एक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या मोजणीत चाळीस म्हणजे दोन वीस, साठ म्हणजे तीन वीस, ऐंशी म्हणजे चार वीस. आपल्याकडची जुनी माणसं विसांत मोजत ते ज्यानं ऐकलंय त्याला हे लगेच कळेल. आणि बोली बदलते. दक्षिणेत आजीला मामगी, उत्तरेत नाइन. दक्षिणेत दुधाला ल्हाएथ, उत्तरेत ल्हेव्रिथ. दोन्हींकडचे लोक आपलंच खरं म्हणतात.

'दस्गी कम्राइग' या नावानं सगळीकडे वर्ग चालतात, संध्याकाळी आणि ऑनलाइनही. 16 ते 25 वयाच्यांना फी नाही.

पावसाची आम्हाला सवय आहे, मग काय अवघड?

सवय आहे ती वेगळ्या पावसाची. आपला पाऊस जूनमध्ये येतो, चार महिने कोसळतो आणि दसऱ्याच्या आसपास निरोप घेतो. इथला बारा महिने असतो. एररीच्या डोंगरांत, ज्यांना बाहेरचे स्नोडोनिया म्हणतात, काही शिखरांवर वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पडतो. आमच्याकडे त्याहून पुष्कळ कमी, पण थेंब-थेंब, आडवा आणि वाऱ्याबरोबर. छत्री घेऊ नका, उलटी होते. चांगलं जाकीट, गमबूट आणि लोकरी मोजे यांत पैसे घाला. मुसळधार पडला की इथे म्हणतात, म्हाताऱ्या आणि काठ्या पडतायत.

पावसापेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि सव्वाचारच्या आत मावळतं. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी तीनलाच गप्प व्हायची आणि कारण कळायचं नाही. आता दुपारच्या जेवणाआधी, पाऊस असो नसो, अर्धा तास बाहेर चालून येते. जूनमध्ये हा हिशेब पुरता होतो, रात्री दहापर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो.

गाडीवाचून चालेल का?

नाही. भारतीय परवान्यावर पहिले 12 महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. ती लांबणीवर टाकू नका. आमच्या त्रेगारॉनवरून कार्मार्दनला आगगाडी जायची, ती साठच्या दशकात बंद झाली. आज अ‍ॅबरिस्टविथहून आपल्याच देशाच्या राजधानीला, कार्डिफला, रेल्वेनं जायचं तर इंग्लंडमधल्या श्रूजबरीला जाऊन गाडी बदलावी लागते. बस आहेत, पण संध्याकाळी संपतात. साठीच्या पुढच्यांना बसप्रवास फुकट आहे, ही खरोखर चांगली सोय.

आणि येण्याआधी गाडी मागे घ्यायचा सराव करा. आमच्याकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही अंगांना उंच बांध, बांधांवर झुडपांचं कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला की एकानं मागे जायचं. ज्याच्या पाठीशी वळायची जागा जवळ, तो जातो. मागे ट्रेलर जोडलेला असेल त्याला मागे जायला लावायचं नाही, मग तुम्हाला दोनशे मीटर जावं लागलं तरी चालेल. बाजूनं जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. ते उचलायला विसरू नका.

वस्तीतून जाताना सप्टेंबर 2023 पासून बहुतेक ठिकाणी ताशी 20 मैलांची मर्यादा आहे.

दवाखाना किती लांब?

गावात डॉक्टर आहेत, अपघात विभाग असलेलं हॉस्पिटल अ‍ॅबरिस्टविथला, सतरा-अठरा मैलांवर. धुक्यात पाऊण तास धरा. सरकारी योजनेतल्या दंतवैद्याच्या यादीत नाव लागायला वर्षं जातात, ही इथली मोठी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. माझी एक दाढ सात महिने वाट बघून शेवटी पैसे भरून काढावी लागली.

घरात कुणाला नियमित डायलिसिस किंवा तसले उपचार लागत असतील, तर माझं स्पष्ट मत: शहरात राहा. डोंगरातल्या गंभीर रुग्णासाठी वेल्सची हवाई रुग्णवाहिका येते. ती देणग्यांवर चालणारी धर्मादाय संस्था आहे, म्हणून गावातल्या प्रत्येक जत्रेत तिचा डबा फिरतो. त्यात टाकत जा.

घर भाड्यानं घेताना काय बघायचं?

गॅसची पाइपलाइन खेड्यात नसते. घर तापतं ते रॉकेलवर. मागच्या अंगणात हजारभर लिटरची टाकी असते आणि टँकरवाले बहुधा 500 लिटरपेक्षा कमी देत नाहीत. टाकीत काठी घालून पातळी बघायची सवय लावा. आमच्या पहिल्या डिसेंबरात ती सवय नव्हती. टाकी रात्रीत कोरडी पडली, नळीत हवा शिरली, नवा टँकर आल्यावरही बॉयलर पेटेना, आणि मुलगी तेव्हा दीड वर्षाची. शेजारच्या शेतकरीणबाईंनी बोलावून घेतलं, पाच दिवस आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात राहिलो. आता वाडीतली चारही घरं मिळून रॉकेल मागवतो, भाव कमी पडतो आणि कुणाची टाकी रिकामी राहत नाही.

पाणी बोअरचं किंवा झऱ्याचं असेल तर शेवटचा तपासणी अहवाल मागा, आणि अतिनील दिव्याचं गाळणयंत्र चालू आहे का ते डोळ्यांनी बघा. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला तेही विचारा. दगडी भिंती दीड-दोन फूट जाड असतात, त्या श्वास घेतात असं इथले गवंडी म्हणतात. त्यांना प्लास्टिकचा रंग दिलेला असेल तर आतून ओल धरते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर मागे बुरशी चढते. रेशमी साड्या मी आता सुती कापडात गुंडाळून जिन्याखालच्या कोरड्या कपाटात ठेवते. आईची एक पैठणी ओल लागून गेली, तिचं दुःख अजून आहे.

वीज जाते का?

जाते, आणि बोअरचा पंप विजेवर असल्यानं पाणीही जातं. डिसेंबर 2024 मध्ये दराघ वादळ आलं. हवामान खात्यानं वाऱ्याचा लाल इशारा दिला होता, आदल्या संध्याकाळी फोन किंचाळून उठले. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. पण त्या चार दिवसांतलं मला जास्त आठवतं ते हे: वाडीच्या वरच्या अंगाचा शेतकरी ट्रॅक्टरमागे जनरेटर बांधून घरोघर फिरत होता. प्रत्येक घरी दोन तास. तेवढ्यात फ्रीजर गार करायचा, बादल्या भरायच्या, फोन चार्ज करायचे, की तो पुढच्या घरी. आमच्या लाकडाच्या शेगडीवर मी मोठं पातेलंभर खिचडी लावली आणि ती चारही घरांत गेली.

वीज गेली तर 105 लावा. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ आहे त्यांनी वीजवितरण कंपनीच्या प्राधान्य यादीत नाव नोंदवून ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत. जुने तांब्याच्या तारेचे फोन जानेवारी 2027 पर्यंत बंद होणार आहेत. इंटरनेटवरून चालणारा फोन वीज गेली की बंद पडतो, आणि मोबाइलची रेंज अनेक दऱ्यांत मुळीच नाही. याची मला खरी काळजी वाटते.

घरून काम करण्याइतकं इंटरनेट असतं का?

गावागणिक वेगळं. एका वाडीत फायबर, पुढच्या वाडीत व्हिडिओ कॉल धड होत नाही. घरमालकाच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः त्या घरात उभं राहून वेग मोजा.

पार्सल पोचतात का?

पोचतात, फिरत-फिरत. घरांना नंबर नसतात, नावं असतात, आणि एकाच पिनकोडमध्ये मैलभर पसरलेली घरं. माणसंही घराच्या नावानं ओळखली जातात, कारण आडनावं मोजकीच: जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, विल्यम्स. नावापुढे शेताचं नाव लावलं की माणूस कळतो. आपल्या घराचं जुनं वेल्श नाव बदलू नका, ही कळकळीची विनंती.

आपलं जेवण, किराणा?

तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ मी दर तीन महिन्यांनी ऑनलाइन मागवते किंवा स्वानसीला गेलो की भरून आणतो. पॉलिहाऊसमध्ये मे महिन्यात पेरलेली मेथी छान येते, कोथिंबीरही, पण गोगलगायींवर रोज रात्री टॉर्च घेऊन जावं लागतं.

मटणाचं सांगते, कारण ते मला फार उशिरा कळलं. खाटकाकडे सहज मिळतं ते कोवळ्या कोकराचं, आपल्या रश्श्यात त्याची चव उतरत नाही. 'हॉगेट' मागा, म्हणजे वर्ष उलटलेली मेंढी. कोल्हापुरी मसाल्याला ते पुरून उरतं. इथलं काउल, म्हणजे मटण, लीक (कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी) आणि बटाट्याचा पातळ रस्सा, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, आणि हे आपल्या रश्श्याबद्दलही खरं आहे.

एप्रिलमध्ये ओढ्याकाठी रानलसूण उगवते. रुंद हिरवी पानं, पांढरी फुलं, पन्नास पावलांवरून वास. मी पानं, हिरवी मिरची, दाणे आणि मीठ पाट्यावर वाटून ठेचा करते. पहिल्या वर्षी शेजारी एक वाटी दिली, आता एप्रिल उजाडला की वाटी तिकडून रिकामी येते. तोडताना मात्र पान चुरगळून वास घ्याच, तशीच दिसणारी विषारी पानं शेजारीच उगवतात.

वेळ कसा जातो? छंद काय?

मला गाणं सांगायचंय. आमच्या गावच्या चॅपेलशेजारच्या दालनात दर मंगळवारी गायनवृंदाची तालीम असते. तिसऱ्या वर्षी मी भीत-भीत गेले, पाश्चात्त्य स्वरलिपी मला येत नव्हती. हातात जुनं भजनांचं पुस्तक दिलं गेलं. त्यात पाच रेघा नव्हत्या, नुसती अक्षरं होती: डो, रे, मी, फा यांची आद्याक्षरं आणि मधे मात्रांच्या खुणा. वेल्समध्ये शतकभराहून अधिक काळ लोक याच सोल-फा लिपीवर गायला शिकले, खाणकामगार, शेतकरी, दूधवाले सगळे. त्यातला 'डो' आपल्या षड्जासारखा हलता. पट्टी कोणतीही असो, 'डो' तिथे बसतो. मी मनातल्या मनात सारेगम लावलं आणि दुसऱ्या कडव्याला अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या सुराची, ओळ गात होते. शेजारच्या आजीबाईंनी मान वळवून बघितलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. चार सुरावटी एकमेकींवर चढतात तेव्हा त्या छोट्या खोलीच्या खिडक्या थरथरतात, हे मी खरंच सांगते.

ऑगस्टच्या सुरुवातीला राष्ट्रीय आयस्तेद्वॉद, म्हणजे वेल्श कविता-गाण्यांचा महोत्सव, भरतो, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. 2022 मध्ये तो आमच्या त्रेगारॉनला होता. कवितेसाठी अख्खी कोरीव खुर्ची बक्षीस देतात. 1917 मध्ये विजेत्याचं टोपणनाव पुकारलं, कुणी उठलं नाही. हेद विन हा मेंढपाळ कवी पाच आठवड्यांपूर्वीच युद्धात पडला होता. खुर्चीवर काळं कापड टाकलं, ती आजही त्याच्या शेतघरात, त्रौस्वानिथजवळ, बघायला मिळते.

बाकी चालणं. सबंध किनाऱ्यानं 870 मैलांची पायवाट 2012 पासून खुली आहे, आणि शेतांतून जाणाऱ्या हक्काच्या पायवाटा नकाशावर दाखवलेल्या असतात. फाटक जसं असेल तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. नेच्यांमधून आल्यावर पाय तपासा, गोचीड चिकटते. पाहुणे आले की आम्ही पोन्टेरविदजवळच्या नान्त अर आरियनला नेतो, तिथे रोज दुपारी लाल घारींना खायला घालतात. एके काळी ब्रिटनमध्ये या घारी फक्त मध्य वेल्समधल्या काही जोड्यांपुरत्या उरल्या होत्या. आता शेकड्यांनी तलावावर उतरतात. आणि निरभ्र रात्री अंगणात दिवा मालवून उभं राहिलं की आकाशगंगा दिसते.

मेंढ्या खरंच इतक्या आहेत?

माणसांच्या जवळजवळ तिप्पट. त्यांच्याकडून मी 'कनेविन' हा शब्द शिकले. डोंगरावर कुंपण नसतं, तरी कळप आपल्या ठरलेल्या चढणीवरच चरतो. आईमागून हिंडत कोकरू ती हद्द शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. त्या ओळखीच्या जागेला कनेविन म्हणतात, माणसांसाठीही तोच शब्द. 2001 च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत कळपच्या कळप मारावे लागले, तेव्हा नव्या मेंढ्यांना डोंगर ठाऊक नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात. त्या दिवसांत शेतकऱ्याला फोन करू नका, तो झोपलेला नसतो किंवा नुकताच झोपलेला असतो. कुत्रा पाळणार असाल तर मेंढ्यांजवळ दोरीशिवाय सोडू नका. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची मुभा कायदा शेतकऱ्याला काही प्रसंगी देतो.

मुलं वेल्श शाळेत गेली तर मराठी विसरतील?

शाळेमुळे विसरत नाहीत, आपण घरात बोलायचं सोडलं तर विसरतात. आमची मुलगी अडीच वर्षांची असताना 'किल्ख मैथ्रिन'मध्ये, म्हणजे वेल्श बालवाडीत जायला लागली, नाताळपर्यंत खेळताना वेल्श बोलू लागली. ज्या शेतकरीणबाईंकडे आम्ही पाच दिवस राहिलो त्यांना ती मामगी म्हणते आणि साताऱ्यातल्या आजीला आजी. दोन वेगळ्या व्यक्ती, दोन वेगळे शब्द, तिला काही अडत नाही. आम्ही घरात एकच नियम ठेवला: उंबरठ्याच्या आत मराठी. प्राथमिक शाळेत सगळ्या मुलांना जेवण मोफत आहे. छोट्या शाळा बंद करण्याचे प्रस्ताव मात्र दरवर्षी येतात. बैठकीला जा आणि बोला.

देऊळ, सणवार?

कार्मार्दनच्या उत्तरेला ल्हानपिमसेंतजवळ स्कंद वेल नावाचा आश्रम आहे, 1973 पासून. मुरुगन, देवी आणि रंगनाथ यांची मंदिरं, आणि येणाऱ्याला शाकाहारी जेवण. त्यांचा शंबो नावाचा बैल क्षयाच्या तपासणीत सापडला म्हणून 2007 मध्ये सरकारनं नेऊन मारला, ते दुःख तिथे अजून बोलून दाखवलं जातं. गणपती आम्ही शाडूचा घरीच करतो. विसर्जन बादलीत, माती बागेत.

परकं वाटतं का? रंगावरून त्रास होतो का?

एकदा बाजारात एकानं 'परत जा' म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही. त्याच आठवड्यात गायनवृंदातल्या दोघीजणी केक घेऊन घरी आल्या, विषय न काढता दोन तास बसल्या. 'ओ ब्ले तिन दॉद', तू कुठली, हे इथे सगळ्यांनाच विचारतात, शेजारच्या दरीतून आलेल्यालासुद्धा. चॅपेलमधली जुनी माणसं भारत म्हटलं की शिलाँगबद्दल बोलतात. थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी 1841 मध्ये चेरापुंजीला गेला आणि त्यानं खासी भाषा रोमन लिपीत बसवली. पुढे तिथल्या दवाखान्यासाठी इथली मुलं पेनी गोळा करत. मला खासी येत नाही आणि मी मेघालय पाहिलेलं नाही, पण त्यांच्यासाठी मी त्या नकाशातली माणूस आहे.

सुट्टीसाठी एखादं घर घेऊन ठेवावं का?

माझं उत्तर नाही असं आहे. वर्षातून तीन आठवडे दिवा लागणारी घरं गावाला मारतात. एप्रिल 2023 पासून अशा दुसऱ्या घरांवर 300 टक्क्यांपर्यंत जादा कर बसवायची मुभा इथल्या परगण्यांना आहे, आणि त्यामागे तरुणांना आपल्याच गावात घर न मिळण्याचं दुखणं आहे. राहायला येणार असाल तर घ्या, आणि मी घर शोधायला मदत करीन.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा?

अंतराचा. हीथ्रो विमानतळ इथून पाच-साडेपाच तास. वडील गेले तेव्हा फोन रात्री अकराला आला. नवरा मुलीजवळ थांबला, आणि त्या जनरेटरवाल्या शेतकऱ्यानं मला त्याच्या गाडीतून विमानतळावर सोडलं. रात्रभर गाडी चालवली, वाटेत एक शब्द बोलला नाही, सकाळी परत फिरून दूध काढायला गेला. तरीही मी वेळेत पोचले नाही. या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

आधी बघायला यायचं तर कधी?

नोव्हेंबरात. जुलैमध्ये सगळंच सुंदर दिसतं आणि काही कळत नाही. सोमवारी या, अ‍ॅबरिस्टविथपर्यंत रेल्वे आहे, तिथून मी आणायला येते. गमबुटांचा नंबर आधी कळवा, घरात चार जोड आहेत. मंगळवारी साडेसातला तालीम असते, तिथे मागच्या बाकावर बसा. चहाच्या वेळी कुणीतरी येऊन 'पानेद?' विचारेल, म्हणजे चहा घेणार का. त्याला 'दिओल्ख' म्हणायचं.